व्हिपेटच्या पिल्लांना सशामागे कधी सोडावं, आणि त्याआधी काय शिकवावं

प्रश्न थोडक्यात असा आहे. उत्तर इंग्लंडमध्ये राहणाऱ्या एका गृहस्थांकडे व्हिपेट या सडपातळ, वेगवान शिकारी कुत्र्याच्या जातीची सात महिन्यांची दोन सख्खी भावंडं आहेत, एक नर आणि एक मादी. शेजारच्या शेतकऱ्याच्या बार्लीच्या कडा सशांनी कुरतडून ठेवल्या आहेत, म्हणून त्याने यांना कुत्री घेऊन शेतात यायची परवानगी दिली आहे. त्याच शेताच्या वरच्या अंगाला हेअर, म्हणजे उघड्यावर राहणारे मोठे रानससेही दिसतात. पिल्लं उडत्या पानामागेसुद्धा धावतात, पण हाक मारली तर ढुंकून बघत नाहीत. त्यांना सशांसाठी आणि पुढे रानसशांसाठी कसं तयार करायचं, पाठलागाची ईर्षा कशी वाढवायची आणि आत्ताच सुरुवात करावी का, असं त्यांनी विचारलं आहे.

रानसशांचं आधी सांगते, कारण त्यात परिस्थितीनुसार बदलण्यासारखं काही नाही. इंग्लंड आणि वेल्समध्ये कुत्र्याकरवी रानसशाची शिकार २००४ च्या हंटिंग अ‍ॅक्टने बंद झाली आणि तो कायदा फेब्रुवारी २००५ पासून लागू आहे. २०२२ मध्ये शिक्षा आणखी कडक झाल्या. रानसशामागे कुत्री सोडायच्या इराद्याने दुसऱ्याच्या जमिनीत शिरलात तरी सहा महिन्यांपर्यंत कैद आणि कितीही दंड होऊ शकतो. जप्त केलेल्या कुत्र्यांच्या सांभाळाचा खर्च तुमच्याकडून वसूल होतो आणि पुढे कुत्रा पाळायलाही न्यायालय मनाई करू शकतं. बिळात राहणाऱ्या सशाला मात्र त्या कायद्यात सूट आहे. अट एवढीच की जमीन तुमची हवी किंवा जमीनवाल्याची परवानगी हवी. ती परवानगी लेखी घ्या आणि शेतात जाताना खिशात ठेवा. सीमा ओलांडून स्कॉटलंडमध्ये जाणार असाल तर तिथला २०२३ चा कायदा वेगळा आहे, त्यात ससाही संरक्षित प्राण्यांत येतो. आणि हे वाचून महाराष्ट्रात कुणाच्या मनात आपल्या कारवानी कुत्र्याला सशामागे सोडायचं आलं असेल तर भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली सशाची शिकार हा गुन्हा आहे. तिथे कुत्र्याला धावायची हौस यंत्राने ओढल्या जाणाऱ्या चिंधीमागे भागवावी.

कायदा बाजूला ठेवला तरी मी व्हिपेटला रानसशामागे सोडणार नाही. व्हिपेट हा थोड्या अंतरातला धावपटू आहे. ताशी पन्नास-पंचावन्न किलोमीटरचा वेग तो काही पावलांत गाठतो, पण तो टिकतो काही सेकंदच. रानससा ताशी सत्तरच्या आसपास पळू शकतो, वळणं घेत पळतो आणि त्याला बिळात शिरायचं नसतं. त्यामुळे ती दौड दोन-तीन शेतं ओलांडून रस्त्यापर्यंत जाऊ शकते. तेव्हा तुमच्या शेतात शिकवायचं ते उलटं आहे: रानससा दिसला तरी कुत्र्याने जागचं हलायचं नाही.

आता खरा प्रश्न. तुम्ही ईर्षा वाढवण्याबद्दल विचारलंत, पण वर्णन ज्या पिल्लांचं केलंत त्यांच्यात ईर्षेची कमतरता नाही. पाठलाग व्हिपेटला शिकवावा लागत नाही, तो रक्तातच असतो. ससा आयुष्यात न पाहिलेला चार वर्षांचा घरगुती व्हिपेटसुद्धा पहिला ससा उठताच सुटतो. शिकवायचं असतं ते बाकीचं सगळं: कुणामागे धावायचं नाही, कधी थांबायचं, परत कुठे यायचं, तोंडातलं कुणाला द्यायचं. हे पाठलाग सुरू होण्याआधी शिकवायचं असतं. एकदा कुत्र्याने मनासारखे चार-पाच पाठलाग केले की मग तुमच्या खिशातलं बिस्कीट त्याला कशाला हवं? म्हणून सात महिन्यांच्या पिल्लाला सशामागे सोडू नका. त्याच्या आयुष्यातले पुढचे पाच-सहा महिने हे शिक्षणाचे सर्वात मोलाचे महिने आहेत.

थांबायचं दुसरं कारण हाडं. लांब हाडांच्या टोकाशी कूर्चेचा मऊ थर असतो, तिथून हाड वाढतं. व्हिपेटमध्ये हा थर भरून पक्का व्हायला साधारण वर्ष लागतं, कधी थोडं जास्त. त्याआधी पूर्ण वेगात कोपऱ्यावर वळणारं पिल्लू मनगट किंवा बोटं कायमची दुखावून घेऊ शकतं. आपापसात मोकळं खेळणं, चढउतारावर हुंदडणं चालेल, कारण त्यात दमलं की ते स्वतः थांबतं. चेंडू फेकून फेकून पळवणं आणि सायकलबरोबर धाववणं मात्र नको. माझा स्वतःचा नियम असा की वर्षाच्या आत एकही ससा नाही, आणि अंगाने-मनाने कोवळा असलेला नर असेल तर पंधरा महिन्यांपर्यंतही थांबते.

तुमची अडचण दुप्पट आहे कारण पिल्लं दोन आहेत. एकत्र वाढलेली भावंडं एकमेकांचं ऐकतात, तुमचं नाही. एकाला हाक मारली की ते दुसऱ्याकडे बघतं, आणि दुसरं पळत असेल तर तेही पळतं. आजपासून रोज थोडा वेळ दोघांना वेगळं फिरवा, वेगळं शिकवा, जमलं तर झोपायलाही वेगळी जागा द्या. शिकार शिकवताना तर दोघांना कधीही एकत्र सोडू नका. एका सशावर दोन कुत्री दोन बाजूंनी आली की पूर्ण वेगात एकमेकांवर आदळतात, आणि त्या धडकेत पाय मोडतो, कधी मान. आदळली नाहीत तरी तोंडातल्या सशासाठी ओढाताण होते, आणि त्यातूनच कुत्र्याला ससा चावून चिरडायची सवय लागते. ती सवय मग मोडत नाही.

हाकेला येणं कसं पक्कं करायचं, यावर थोडं सविस्तर लिहिते, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे.

एकोणिसाव्या शतकात डरहॅम, यॉर्कशायर, लँकेशायर भागातले खाणकामगार व्हिपेटच्या शर्यती लावत. अंतर बहुधा २०० यार्ड, सरळ रेषेत. एक माणूस कुत्र्याला सुरुवातीच्या रेषेवर धरे आणि मालक पलीकडच्या टोकाला उभा राहून चिंधी हलवत ओरडे. कुत्रा सर्व ताकदीनिशी धावे तो मालकाच्या दिशेने, त्या चिंधीसाठी. ही युक्ती आजही तितकीच चालते. जुना टॉवेल किंवा सशाच्या वाळवलेल्या कातडीचा तुकडा दोरीला बांधा. घरातल्या कुणाला तरी पिल्लू धरायला सांगा, तुम्ही वीस पावलं लांब जा, शिट्टी वाजवा आणि तो तुकडा जमिनीलगत फरफटवा. पिल्लू तुमच्यापाशी आलं की लगेच हिसकावून घेऊ नका. त्याला पकडू द्या, थोडं झटकू द्या, मग खाऊ देऊन सोडवून घ्या. रोज तीन-चार वेळा एवढंच, कंटाळा यायच्या आत थांबायचं. हळूहळू अंतर वाढवा. काही आठवड्यांत शिट्टीचा अर्थ त्याच्या लेखी ‘मजा संपली, घरी चला’ असा न राहता ‘सगळ्यात मोठी मजा तिकडे आहे’ असा होतो. म्हणूनच शिट्टी वाजवून पट्टा अडकवून घरी नेणं टाळा. येऊ द्या, शाबासकी द्या, परत सोडा, आणि हे दहादा झाल्यावर एकदाच पट्टा लावा.

पाळायची एक शिस्त अशी की येणार नाही असं दिसत असताना शिट्टी वाजवायची नाही. व्हिपेट नजरेवर धावतो. ऐन पाठलागात त्याला तुमची हाक ऐकूच जात नाही असं समजा. तिथे घसा कोरडा करून तुम्ही त्याला इतकंच शिकवता की शिट्टीकडे दुर्लक्ष केलं तरी चालतं. मला वाट बघायची असते ती पुढच्या क्षणाची. ससा बिळात शिरतो, कुत्रा तिथे घसरत थांबतो, बिळात नाक खुपसतो, एकदा गोल फिरतो आणि मान वर करून इकडेतिकडे बघायला लागतो. ती मान वर आली की शिट्टी. त्या दोन-तीन सेकंदांत तो तुम्हाला शोधतच असतो. आणि सोडताना जिथे उभे होतात तिथेच उभे राहा, कारण तो त्याच जागेकडे बघणार असतो. मालक त्याच्यामागे धावत सुटला तर कुत्र्याला वाटतं दोघं मिळून पुढे चाललोय.

तोंडात आणून देणं हे व्हिपेटमध्ये लॅब्राडॉरसारखं उपजत नसतं. काही जण आयुष्यभर ससा पकडून त्याच्यावरच उभे राहतात आणि मालकाने चालत जावं लागतं. तेही चालतं, त्यावरून कुत्र्याला नालायक ठरवू नका. पण प्रयत्न करायचा असेल तर दात बदलून झाल्यावर करा, म्हणजे सहा महिन्यांनंतर. हिरड्या दुखत असताना तोंडातली वस्तू ओढली तर ते आणून द्यायचंच सोडतात. घरातल्या अरुंद बोळासारख्या जागेत मऊ मोजा फेका. पिल्लाला परतायला तुमच्याकडचीच वाट असते. ते जवळ आलं की वस्तूला हात लावू नका, त्याची छाती खाजवा, कौतुक करा, त्याला ती मिरवू द्या. वस्तू घ्यायची ती सर्वात शेवटी. कुत्रा लांबूनच घुटमळत असेल तर त्याच्याकडे पाठ करून खाली बसा किंवा चालायला लागा. तोंडात काही घेऊन आलेल्या कुत्र्याला रागावायचं नाही, मग ते तुमची नवी चप्पल का असेना.

यानंतर मेंढ्या. इंग्लंडमध्ये शेतात कुत्रा न्यायचा तर याहून गंभीर विषय नाही. मेंढ्यांच्या मागे कुत्रा लागणं हा १९५३ च्या कायद्याने मालकाचा गुन्हा आहे, आणि दुसरा उपाय नसेल तर शेतकरी त्या कुत्र्याला गोळीही घालू शकतो. दोन्ही पिल्लांना, एकेकट्याने, लांब दोरीवर मेंढ्यांच्या कुरणाच्या कडेने फिरवा. मेंढीकडे टक लावून बघितलं की लगेच दिशा बदला आणि तुमच्याकडे बघितलं की खाऊ द्या. पळणाऱ्या मेंढीपेक्षा चरणारी मेंढी आधी दाखवा. वीण सुरू असेल त्या दिवसांत कुरणात पाऊलही टाकू नका. कोंबड्या आणि मांजरं यांचंही असंच. रानससेही याच यादीत घाला: पट्ट्यावर असताना रानससा उठला की काही न बोलता वळा आणि उलट दिशेने चालायला लागा. विजेचे झटके देणारे पट्टे मी वापरत नाही. व्हिपेट फार हळवा प्राणी आहे, बसलेल्या झटक्याचा संबंध तो मेंढीशी जोडेल की शेजारून जाणाऱ्या पोराशी, हे तुमच्या हातात नसतं. पण कितीही शिकवलं तरी ज्या शेतात रानससे बसतात तिथे पट्टा सोडायचा नाही. पायाखालून उठलेल्या रानसशाला सोडून माघारी येणारा व्हिपेट मी तरी गृहीत धरणार नाही.

इथवर झालं म्हणजे कुत्रा शिट्टीवर येतो, मेंढ्या सोडतो, वर्षाचा झाला आहे. आता ससे.

माझा सल्ला असा की पहिला हंगाम फेरेटबरोबर घालवा. फेरेट म्हणजे बिळात शिरून सशांना बाहेर हुसकावणारा, मुंगसासारखा दिसणारा पाळीव प्राणी. ऑक्टोबर ते मार्च हे त्याचे दिवस, कारण झाडझाडोरा बसलेला असतो, बिळांची तोंडं दिसतात आणि पिलावळ कमी असते. बिळांच्या तोंडांवर जाळ्या लावायच्या, फेरेट आत सोडायचा, ससे बाहेर येऊन जाळीत अडकतात. एखादं तोंड नजरेतून सुटलेलं असतं, त्यातून निसटणारा ससा कुत्र्याचा. व्हिपेटच्या अंगाला हे काम नेमकं बसतं: अंतर कमी, उसळी मोठी. शिवाय यात तो शांत उभं राहायला शिकतो. फेरेटची ओळख मात्र आत्ताच, लहानपणीच करून द्या. पिंजऱ्याजवळ बसवा, तुमच्या हातातला फेरेट लांबून दाखवा, त्याच्याकडे दुर्लक्ष केलं की खाऊ. फेरेटवर झडप घालणारा कुत्रा या कामाला निरुपयोगी आहे. जाळीत अडकलेल्या सशालाही तोंड लावायचं नाही, हे पट्ट्यावर उभं करूनच शिकवायचं.

कोणत्या बिळात ससे आहेत हे चांगली कुत्री नाकाने सांगते. माझी म्हातारी कुत्री रिकाम्या बिळावरून न थांबता पुढे जाते. ससा आत असेल तर एक पुढचा पाय उचलून जागच्या जागी गोठते, कान पुढे येतात, आणि मांडीचा स्नायू बारीक थरथरतो. ही देणगी तिची. माझं काम एवढंच होतं की तिने दाखवलं तिथे थांबायचं. तरुण कुत्रा एखाद्या बिळाशी थांबला आणि तुम्ही घाईत त्याला ओढून पुढे नेलंत, असं चार वेळा झालं की तो दाखवायचं बंद करतो. उलट बाजूने, ज्या बिळाकडे त्याने पाठ फिरवली तिथे हट्टाने फेरेट घालू नका.

मोकळ्या शेतातला पहिला ससा निवडून द्यायचा असतो. आदल्या दिवशी उजेडी ते शेत पायाखाली घाला. काटेरी तार कुठे आहे, झुडपांत पडलेलं जुनं अवजार, मोकळी बिळं, गोठलेली किंवा दगडासारखी टणक जमीन, सगळं बघा. व्हिपेटची कातडी कागदासारखी पातळ असते आणि तारेला घासली की फाटत जाते. वारा ससा ते तुम्ही असा वाहायला हवा. ससा कुंपणापासून लांब, शेताच्या मध्याकडे चरत असेल, कुत्रा त्याच्या आणि बिळाच्या मधल्या रेषेजवळ असेल, अशी वेळ साधा. गळ्यात पट्टा ठेवून सोडू नका, तो कशात तरी अडकतो. एका हाताने मोकळी होणारी स्लिप, म्हणजे कुत्रा सुटल्यावर आपल्या हातातच राहणारी दोरी, वापरा. आणि कुत्र्याला ससा दिसलाय याची खात्री झाल्याशिवाय ती सोडू नका. ससा कुंपणाला टेकलेला असेल तर सोडूच नका. जिंकता न येणाऱ्या दौडी पुन्हा पुन्हा दिल्या तर काही पिल्लं मन लावून धावणं सोडतात, तर काही वाटेत भुंकायला लागतात. पहिल्या महिन्यांत एका वेळी दोन दौडी पुरे. दोन दौडींच्या मध्ये श्वास पूर्ण शांत होऊ द्या.

वळणं तो स्वतःच शिकतो. सुरुवातीला ससा कडेला वळला की कुत्रा सरळ पुढे निघून जातो. काही दौडींनंतर तो शेवटच्या टप्प्यात वेग किंचित आवरून बिळाची बाजू अडवायला लागतो. हे आपण दाखवू शकत नाही, पण सोप्या सशांवर त्याला संधी देऊ शकतो. रात्री दिवा घेऊन जाणं पहिल्या हंगामात नको, अंधारात तार दिसत नाही आणि चूक दुरुस्त करायला कुत्रा डोळ्यांसमोर नसतो.

कुत्र्याने आणलेला ससा बहुधा जिवंत असतो, आणि तो क्षण तुमची जबाबदारी आहे. मानेचा मणका एका झटक्यात निखळवून त्याला संपवता आलं पाहिजे. हे एखाद्या जाणत्या माणसाकडून प्रत्यक्ष शिकून घ्या आणि ते जमेपर्यंत कुत्रा सोडू नका. सशाला ताटकळत ठेवणं क्रूर आहे, आणि १९९६ चा वन्य सस्तन प्राण्यांचा कायदाही झटपट, विनायातना मारण्याची अपेक्षा ठेवतो. सुजलेल्या डोळ्यांचा, सुस्त बसलेला ससा दिसला तर तो मिक्सोमॅटोसिसचा. हा रोग ब्रिटनमध्ये १९५३ मध्ये आला आणि अजून अधूनमधून उठतो. कुत्र्याला तो होत नाही, पण असा ससा पकडून कुत्रा काही शिकत नाही, आणि खायला तर तो नकोच. कच्ची आतडी कुत्र्याला खाऊ देऊ नका, त्यातून पट्टकृमी होतात. औषध किती दिवसांनी द्यायचं ते पशुवैद्याला विचारून ठरवा, आणि आपला कुत्रा ससे पकडतो हे त्यांना आवर्जून सांगा.

धावून आल्यावर पाणी थोडं थोडं, जेवण तासाभराने, आणि धावण्याआधी काही तास पोट रिकामं. अंगावर चरबी नसल्याने थंडीत तो लगेच गारठतो, गाडीत कोट ठेवा. बोटांच्या मधली जागा, पंजाच्या गाद्या, वरचं पाचवं नख, छाती आणि मांड्यांची आतली बाजू रोज हाताने चाचपा. लहान चीर केसांत दिसत नाही, बोटाला लागते.

आता तुमच्या दोघांपुरतं. मादी बहुधा आधी शहाणी होते, तेव्हा वर्ष भरल्यावर पहिला हंगाम तिला एकटीला द्या. पण ती माजावर असताना शेतात नेऊ नका. भाऊ त्या वेळी घरी राहील, किंवा शेताच्या कडेला पट्ट्यावर बसून बघेल. बघता बघता तो अंगाचा थरकाप आवरायला शिकला तर अर्धं काम झालं. त्याला पहिला ससा केव्हा द्यायचा, हे तारखेवर ठरवू नका. उघड्या शेतात, बहीण समोर पळत असताना, शिट्टीसरशी तो चिंधीकडे वळला, आणि हे एका आठवड्यात रोज झालं, तर तो तयार आहे. त्यात अडलं तर पुन्हा लिहा, नेमका कोणत्या क्षणी तो ऐकत नाही हे बघून सांगा, त्यावरून पुढचं ठरवता येईल.